काळ्या पडद्यावरचा कौल

संगणकाच्या काळ्या पडद्याच्या तळाशी एक आकडा एकेकाने कमी होत होता. वर दोन ओळी होत्या: विंडोज आणि लिनक्स. आकडा संपला आणि कोणी हात न लावता खालची, लिनक्सची ओळ सुरू झाली.

"खालची," दारातली गर्दी पुटपुटली.

लवू संगणक दुरुस्त करायचा. तो काविळीने गेला आणि त्याच्या यंत्रावर भगत दौलत कौल लावू लागला. गावच्या देवळात पाकळी उजवी पडते की डावी. लालबागच्या या खोलीत ओळ वरची की खालची. कळफलकाला शिवायचं नाही, आत्मा बिथरतो.

आजचा प्रश्न लवूच्या बायकोचा, तुळसाचा होता. लवूचा मित्र धर्मा याने लग्नाचं विचारल्यापासून ती कौलासाठीच थांबली होती. दौलतने गाऱ्हाणं घातलं होतं, "बा लवू, बायकोक जाऊक देतलंस तर वरची, नायतर खालची. होय म्हाराजा."

"परत नकार," तो आता म्हणाला. "नवरो सोडूक तयार नाय गो तुका."

शेजारच्या लक्ष्मीबाई शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी विचारलं, "दौलतदादा, गणपतने दुकानाचा गाळा घेऊ का विचारलं, तेव्हा खालची म्हणजे होकार होता ना?"

"देवाची भाषा शाळेत नाय शिकवणत, बाई."

"ओळ तीच येते. प्रश्न तुम्ही फिरवता." त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं. "तुळसा, तूच विचार. काहीही."

तुळसा पडद्यासमोर आली. "लवू जिवंत असला, तर खालची."

आकडा उतरला. खालची ओळ आली. दौलतने अंगाऱ्याची पुडी गुंडाळली.

"एका यंत्रात दोन प्रणाली आहेत," बाई हळू म्हणाल्या. "कोणी काही निवडलं नाही, तर लवूने ठरवून ठेवलेली आपोआप लागते. सवय त्याची आहे, इच्छा नाही. जे पुन्हा पुन्हा तेच सांगतं, त्याला निदान एकदा उलटा प्रश्न विचारून बघावा."

"ती काढता येते?" तुळसाने विचारलं.

"येते. आधी त्याचे फोटो उतरवून घेऊ. मग ती प्रणाली पुसायची, रिकामी जागा दुसरीला द्यायची, सुरुवातीची यादी नीट करायची. मग यंत्र थांबणार नाही, सरळ सुरू होईल."

सासू शेवंती भिंतीला टेकून बसली होती. "गिरणीच्या संपात पण कौल झाललो," ती म्हणाली. "गिरण उघडतली म्हणान. तुझो सासरो वाट बघीत बसलो. दुसरा काम बघूकच नाय. बसान बसानच गेलो."

तुळसा तिच्याजवळ जाऊन बसली. तिने सासूचा हात हातात घेतला.

"बाई, काढा ती," ती म्हणाली. "आई, मी धर्माशी लग्न करणार आहे."