पोळ्याची जीप

अंगदची जीप सुरू झाली की अख्ख्या वस्तीला कळायचं, आणि बंद पडली की त्याहून जास्त कळायचं, कारण मग ढकलायला माणसं लागायची. तिला छप्पर नव्हतं, दारं नव्हती. आरसा होता एकच, त्यात चालवणाऱ्याला स्वतःचा कान तेवढा दिसायचा. तीर्थपुरीला एका भंगारवाल्याच्या आवारात ती बाभळीखाली पडली होती, तिथून अंगदनं तिला ट्रॉलीत घालून आणलं. दोन वर्षं खपून सागवानी फळ्यांची बाकं बसवली, कर्णा बसवला, मोराच्या मानेसारखा निळा रंग दिला.

त्याचा मित्र कचरू नवीकोरी पांढरी गाडी घेऊन यायचा आणि काचा खाली न करता हसायचा. परवा मात्र खाली उतरला, कारण अंगद जीपची चारी चाकं उघडून बसला होता.

"काय ठेवलंय रे या खटाऱ्यात?"

"तुझ्या गाडीत बसलं की बसलं. हिला आज कसं वाटून राह्यलं ते आधी इचारावं लागतं," अंगद म्हणाला. मग ब्रेकच्या नव्या लायनरवर, ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर, बोट फिरवत त्यानं समजावलं, "हे बघ, गाडीचा सगळा घासा इथंच बसतो. बैलाच्या खांद्यावाणी."

ओट्यावर त्याचे वडील रामराव सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. जीपकडे बघायचं नाही, असा त्यांचा नेमच होता. हिऱ्या बैल गेला, जोडीचा दुसरा त्याच्यामागं झुरून गेला, आणि दावण रिकामी झाली तेव्हापासून पोळ्याच्या दिवशी रामराव घरातून बाहेर पडत नसत. त्यात अंगदनं न विचारता हिऱ्याच्या शिंगावरची पितळी शेंबी जीपच्या गिअरच्या दांड्यावर बसवली. त्या दिवशी रामराव एवढंच म्हणाले, "भंगाराला दागिना घातलास व्हय?" पुढं बापलेकांत कामापुरतं बोलणं उरलं.

आणि अंगदला याच पोळ्याला ती जीप वेशीत न्यायची होती. त्यांच्या घराची जोडी पिढ्यान्पिढ्या तोरणाखालून गेलेली. दावणीला बैल नाही म्हणून घराची जागा मोकळी राहावी, हे त्याला सहन होईना. तोरणाचे मानकरी अण्णासाहेब पुष्कळ आढेवेढे घेऊन तयार झाले होते. "आण. पण एक जरी बैल बुजला, तर पुन्हा नाव काढायचं न्हाई," असं त्यांनी बजावलं होतं. आबांनी, म्हणजे वडिलांनी, एकदा तिला बैलांच्या रांगेत उभी बघावं, एवढंच अंगदचं मागणं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो ब्रेकचे रबर आणायला तीर्थपुरीला गेला. परत आला तेव्हा दिवस मावळला होता आणि लाईट गेली होती. बेअरिंगला ग्रीस भरून, त्याच बरबटलेल्या हातांनी, अंधारात चाचपत त्यानं लायनरवरून चारी ड्रम चढवले. सणाची घाई होती. हात पुसायला हवे होते, पण पुसले नाहीत.

सकाळी पुरण शिजत असताना बायको तृप्ती चिडली. "कढवलेलं तूप कुठं गेलं? वाटी चाटूनपुसून ठेवलीय!"

"मांजर असंल," अंगद जीपच्या कपाळाला बाशिंग बांधत म्हणाला.

रामराव नवं धोतर नेसून न्याहारीआधीच बाहेर पडले होते. ते पाहून अंगदला इतका आनंद झाला, की अंगणात ब्रेक जरा उशिरा लागला तरी त्यानं मनावर घेतलं नाही. नवे लायनर आहेत, बसतील.

वस्तीपासून गावापर्यंत माळाचा उतार आहे. वरून सगळं दिसत होतं: वेस, आंब्याच्या पानांचं तोरण, झुली घातलेल्या जोड्या, हलगी वाजवणारे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. अंगदनं ऐटीत कर्णा वाजवला. उतार सुरू होताच ब्रेकवर पाय ठेवला. पेडल घट्ट लागलं, पण जीपनं ऐकलं नाही. जोर लावला. कुठून तरी कढत्या तुपाचा वास आला. घरोघरी पोळ्या चालल्यात, असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात जीप सुसाट सुटली.

हँडब्रेक त्यानं खसकन ओढला. तो नावालाच होता, हातात आला. समोरच्या रस्त्याला बाजूला वळायला जागा नव्हती. दोन्हीकडं दगडी बांध, आणि खाली सगळं गाव. त्यानं कर्ण्यावरचा हात काढलाच नाही. लोकांना वाटलं, पोरगा मिजाशीत आहे. काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"सरका! ब्रेक न्हाई! सरका!"

हलगीपुढं त्याचा आवाज कोण ऐकतो? ऐकला तो एका माणसानं. रांगेच्या टोकाला, रस्त्याच्या अगदी मधोमध रामराव उभे होते, हातात पूजेचं ताट. त्यांनी ताट टाकलं. ते बाजूला मात्र झाले नाहीत. उधळलेल्या बैलापुढं उभं राहावं तसे दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि ओरडले, "होऽ! होऽ!"

आता जीप गेली चुलीत, आबा वाचले पाहिजेत. त्यानं शेंबीवर हात ठेवला. जुन्या गिअरबॉक्सला दांडगाई चालत नाही: क्लच दाबून गिअर काढायचा, क्लच सोडून इंजिनाला एक हुंकार द्यायला लावायचा, पुन्हा क्लच, आणि मग हलक्या हातानं खालचा गिअर. त्यानं तसंच केलं. दुसरा पडला. जीप गुरगुरली, वेग तुटला, पण पुरेसा नाही. पहिला तर चालत्या गाडीत पडतच नसे. अंगद मोठ्यानं म्हणाला, "ऐक ना गं, एवढ्या बारी ऐक!" हुंकार दिला, शेंबी दाबली. करकर झाली, दातात दात अडकले, आणि गाडीनं असा गचका दिला की त्याची छाती स्टिअरिंगवर आदळली. तोवर डावीकडचा बांध संपला होता. त्यानं होतं तेवढं बळ लावून चाक फिरवलं आणि गावाच्या उकिरड्यात जीप बाशिंगासकट घुसवली.

रामराव हातभर अंतरावर होते.

कुणाला खरचटलं नाही. एक गोऱ्हा बुजून मागच्या पायांवर उभा राहिला, तेवढं अण्णासाहेबांना पुरलं. "झालं समाधान? ने परत!"

अंगदनं तिथंच जॅक लावून चाक उतरवलं, ड्रम ठोकून काढला. लायनर तेलकट होते, ब्रेक धरणार कसा? लोक वाकून बघू लागले.

"कुणीतरी डाव साधला तुझ्यावर," अण्णासाहेब म्हणाले.

अंगदची नजर गर्दीत कचरूवर गेली. परवा हाच चाकाजवळ आला होता, हाच रोज हसायचा. डोक्यात तिडीक गेली, मुठी वळल्या. "माझ्या बापाच्या जिवावर उठलास व्हय रे?" असं म्हणत तो उठणार, तेवढ्यात त्याची बोटं उजेडात आली. बोटं पिवळी झाली होती. त्यानं वास घेतला. हळद आणि तूप.

वैरी तेल ओतील, ऑइल ओतील. हळद कालवून तूप कोण लावतं? काल खांदेमळणी होती. पोळ्याच्या आदल्या सांजेला घरोघरी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात, वर्षभराचा घासा निवावा म्हणून.

त्यानं मान वळवून वडिलांच्या हातांकडं पाहिलं. रामरावांची नखं पिवळी होती.

"आबा?"

रामराव लहान पोरासारखे खाली बघत होते. "तूच सांगितलंस की कचरूला. घासा इथंच बसतो, खांद्यावाणी. तू तीर्थपुरीला गेल्तास, चाकं उघडीच व्हती. म्हणलं, सणाचं हिला तसंच का म्हून ठेवायचं? मंग चारी मळले." मग बोटं धोतराला पुसत म्हणाले, "दोन साल हाताला सवय न्हवती. तूप जरा जास्तीच झालं."

अंगदला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. कचरूला काय बोलणार होतो, या विचारानं त्याची मान खाली गेली. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यानं तर कालच तिला दावणीत धरलं होतं. आणि त्यापायीच तो चाकाखाली आला असता.

"ते समदं बराबर," अण्णासाहेबांचा आवाज उतरला होता, "पण बिगर ब्रेकची गाडी मी वेशीत कशी घेऊ?"

"सणाच्या दिशी बैल कुठं जुंपतात, अण्णासाहेब?" रामराव म्हणाले. "आज तिनं चालायचंच न्हवतं. इंजिन बंद. आपण न्यायची तिला." त्यांनी कुणाच्या तरी हातातला कासरा घेतला, जीपच्या पुढच्या लोखंडाला बांधला आणि खांद्यावर टाकला.

चाक चढवून झालं, जीप उकिरड्याबाहेर ओढून झाली. कचरूनं नवा शर्ट न बघता मागून खांदा दिला, मग आणखी चौघं आले. शेणानं माखलेली निळी जीप जोड्यांच्या मागं, सपाटीवरून, आवाज न करता निघाली. एकही बैल बुजला नाही. तोरणाची पानं अंगदच्या डोक्याला लागली तेव्हा रामराव कासरा धरून मागं सरकले, त्याच्या बाजूनं चालू लागले आणि हळूच विचारलं, "मंग हिचा खांदा असतो कुठं?"

"सांगतो, आबा," स्टिअरिंग धरून अंगद म्हणाला. "पण पुढच्या साली तूप लावायच्या आधी मला एक हाक मारा."