रविवारचा उपास

सारजाने अर्धी मूठ मीठ पातेल्यात सोडलं, हात झटकला, आणि मग तिची नजर कापायच्या फळीवर गेली. सॉसेज कापलं होतं तिथलं पाणी वाळून पांढरी रेघ उमटली होती. तिने नखाने रेघ खरवडली. नखात मिठाचे बारीक कण आले.

म्हणजे या कांड्यांच्या पोटात मीठ आधीपासूनच ठासून भरलेलं होतं, आणि वरून तिने आपल्या नेहमीच्या अंदाजाचं घातलं होतं. सॉसेज हा शब्द काही तिच्या जिभेवर बसत नव्हता. उसाच्या कांड्यांसारख्या दिसतात म्हणून सकाळपासून ती त्यांना कांड्याच म्हणत होती. ब्राझीलहून आलेल्या इंजिनिअरने त्या पुण्याहून बर्फात घालून आणवल्या होत्या, बकऱ्याच्या मटणाच्या, धुरावर वाळवलेल्या. घेवडा, भात आणि या कांड्या एकाच पातेल्यात शिजवायच्या, असं त्याने मॅनेजरला समजावलं होतं आणि मॅनेजरने सारजाला. मिठाचं दोघांपैकी कुणीच काही बोललं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते. एक वाजता बारा माणसं जेवायला बसणार होती. भिगवण रोडवरच्या कारखान्याच्या या गेस्ट हाऊसमध्ये सारजा सात वर्षं स्वयंपाक करत होती, पण एक तारखेपासून तिला ठेवायचं की बाहेरच्या केटररला काम द्यायचं, हे आजच्या जेवणावर ठरणार होतं. मॅनेजर हिंदुराव यांनी ते आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. सारजाला हे काम सोडून दुसरं काही येत नव्हतं आणि सासरी निरवांगीला परत जाऊन जावेच्या हाताखाली राहायचं नव्हतं.

पातेल्यात घेवडा रटरटत होता. त्यावर कांड्यांचे काप फुगून वर आले होते, लालसर तवंग धरला होता. वास चांगला होता. वासाने मीठ कळतं असं म्हणणाऱ्या बायकांपैकी सारजाही होती, पण ते घरच्या आमटीबद्दल. या परक्या वासातलं तिला काहीच कळेना.

चव घेतली असती तर प्रश्नच मिटला असता. पण नवरा गेल्यावर, पाच वर्षांपूर्वी, तिने गळ्यात तुळशीची माळ घातली होती. पोटासाठी मटणाला हात लावायचा, तोंड लावायचं नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं होतं, आणि ते हिंदुरावांच्या कानावर कधी जाऊ दिलं नव्हतं. त्यांचा नियम साधा होता: स्वयंपाक्याने चाखल्याशिवाय भांडं बाहेर जायचं नाही. माळ ती पदराआड ठेवी. आणि चाखायचं काम करायची रंगुबाई.

रंगुबाई आता मोरीपाशी पाठमोरी बसून कुकर घासत होती. सारजाहून ती दहा-बारा वर्षांनी मोठी. गेली पाच वर्षं ती भांडी घासता घासता उठायची, वाटीत चमचाभर रस्सा घ्यायची, जीभ टाळ्याला लावायची आणि "चिमूटभर घाल" किंवा "बास" एवढंच बोलायची. सारजाच्या मटणाची कारखान्यात वाहवा होती. त्या वाहवेतली निम्मी रंगुबाईच्या जिभेची होती, हे दोघींनाच माहीत होतं.

आज सकाळपासून मात्र रंगुबाई एक शब्द बोलली नव्हती. सोमवारपासूनच बोलत नव्हती, आणि आज गुरुवार होता.

दार लोटून हिंदुराव आत डोकावले.

"काय सारजाबाई, वास तर फाटकापर्यंत गेलाय. चव बघितली ना?"

"बघितली की."

"मोठे साहेबसुद्धा येतायत पुण्याहून. लाज राखा म्हणजे झालं."

ते गेले. मोरीतली तारेची घासणी क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. किती सहज खोटं बोलतेस, असंच जणू ती घासणी म्हणाली. निदान सारजाला तसं वाटलं. चोराच्या मनात चांदणं.

तिने वाटीत दोन चमचे रस्सा घेतला, वर एक काप ठेवला आणि मोरीपाशी गेली.

"अक्का."

रंगुबाईने मान वर केली नाही.

"अक्का, मीठ जास्त पडलंय बघ. कांड्या खारवलेल्या हायत. तांदूळ अजून टाकलं न्हाईत. किती खारट झालंय तेवढं कळलं म्हंजी निस्तरता येईल."

"माझा उपास हाय," रंगुबाई म्हणाली.

सारजाने वाटी तशीच तिच्यापुढे धरली.

"तुमच्यात कुठं असतोय उपास?"

"तुमच्यात रईवारचा असतोय, तसाच."

सारजाचे कान तापले. चार दिवस जे टाळत होती ते आज मोरीपाशी पुढ्यात येऊन उभं राहिलं.

गेल्या रविवारी रंगुबाईच्या नव्या घराचं जेवण होतं. मुलगा सोमनाथ शाळेत मास्तर, त्याने कर्ज न काढता दोन खोल्या बांधल्या होत्या आणि त्याचा तिला कोण अभिमान. बुद्धवंदना झाली, पंगत बसली. सारजा वाट्यांचा संच घेऊन गेली, घराचं तोंडभरून कौतुक केलं. आणि रंगुबाईने हाताला धरून पाटावर बसवलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं, माझा आज उपास हाय." केळं खाल्लं आणि निघाली. आईने लहानपणीच शिकवलं होतं: त्यांच्यात गेलं तर नको म्हणायचं नाही, माणूस दुखावतं, उपास आहे म्हणायचं. सारजाने त्यावर कधी विचारसुद्धा केला नव्हता. सात वर्षं दोघींचे डबे याच ओट्यावर शेजारी शेजारी उघडत होते. सारजाच्या डब्यातलं लोणचं, ठेचा, सणाची पोळी रंगुबाईच्या डब्यात जायची. द्यायला सारजाचा हात सैल होता. रंगुबाईच्या डब्यातलं इकडे कधी काही आलं नव्हतं.

सोमवारी, त्या पंगतीला जेवून आलेला गेस्ट हाऊसचा ड्रायव्हर सहज बोलून गेला, तेव्हा तिला कळलं. पन्नास माणसांच्या त्या पंगतीत मटण नव्हतं. सोमनाथ मटणाचं म्हणत होता, पाहुणेही कुरकुरले होते, पण रंगुबाई हटून बसली होती: आमच्या सारजाला माळ आहे, ती जेवणार, तेव्हा सगळ्यांना गोडाचंच. बुंदी, पुरी, बटाट्याची भाजी. भांडीसुद्धा नवी आणली होती.

आणि रविवारी सारजाचा उपास नसतो हे रंगुबाईइतकं कुणाला ठाऊक? कितीतरी रविवारी दोघींनी या ओट्यावरच भाकरी मोडली होती.

बारा पंचवीस.

"अक्का, माझी भाकरी जाईल गं."

"तुला भाकरीची लई काळजी," रंगुबाई म्हणाली. कुकर पालथा घालून तिने कढई ओढली.

सारजा मागे फिरली. वाटी ओट्यावर ठेवली. अंदाजाने पाणी ओतावं तर भाताची पेज होईल. न ओतावं तर बारा माणसं पहिल्या घासाला पाण्याचे ग्लास उचलतील. तिने चमचा उचलला. दुसऱ्या हाताने गळ्यातली माळ डोक्यावरून काढली, कपाळाला लावली आणि मसाल्याच्या डब्यावर ठेवली. आपण हे काय करतोय याची तिला भीती वाटत होती आणि लाजही वाटत होती. त्यात जास्त काय, ते तिला सांगता आलं नसतं. डोळे मिटून तिने चमचा तोंडाकडे नेला.

मनगट कुणीतरी धरलं. राखेचा, ओला, खरबरीत हात.

"ठेव खाली."

"अक्का, येळ न्हाय."

"ठेव म्हणते न्हवं. देवाला दिलेलं मोडून त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडती व्हय? घाल आधी ती माळ."

रंगुबाईने हात लुगड्याला पुसला, वाटी उचलली आणि रस्सा जिभेवर घेतला. जीभ टाळ्याला लावली. कापाचा तुकडा मोडून चघळला. सारजा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. एवढ्या वेळात माणसाचा निकाल लागला असता.

"समुद्र केलायस," रंगुबाई म्हणाली. "चार पळ्या रस्सा काढ भाईर. तांदूळ दोन वाट्या वाढव. पाणी कोरं घाल, कडकडीत. बटाटं हायत का? दोन सोलून टाक, वाढताना काढू. आन् मिठाच्या डब्याला हात लावू नगंस."

मग दोघींचे चारही हात चालू लागले. सारजाने तांदूळ वैरले, रंगुबाईने बटाटे सोलले, एकीने पातेलं कलंडवलं आणि दुसरीने रस्सा उपसला. झाकणावर निखारे ठेवायची सोय नव्हती, म्हणून रंगुबाईने पाण्याने भरलेला तांब्याच झाकणावर दडपला. बोलणं कामापुरतं. एक वाजायला पाच मिनिटं असताना झाकण काढलं, रंगुबाईने पुन्हा वाटी पुढे केली, दोन दाणे दाताखाली घेतले.

"जाऊ दे," ती म्हणाली.

पातेलं बाहेर गेलं. सारजा दाराच्या फटीतून बघत होती. मोठ्या साहेबांनी दोनदा घेतलं. ब्राझीलच्या पाहुण्याने ताट पुसून खाल्लं आणि हिंदुरावांना काहीतरी सांगितलं. हिंदुराव जवळजवळ पळतच आत आले.

"जिंकलंत सारजाबाई! पाहुणा म्हणतो, मीठ अगदी त्याच्या आईच्या हातचं. एक तारखेपासून तुम्हीच. मोठे साहेबच बोलले."

खरं सांगायची हीच वेळ होती. सारजाच्या ओठांवर आलंही होतं. पण सांगावं तर माळ कळणार आणि माळ कळली की काम जाणार. तेवढी छाती तिच्यात नव्हती. ती नुसती हसली. हिंदुराव गेल्यावर ते हसू तिलाच घाणेरडं वाटलं.

रंगुबाई पातेल्याची खरवड काढत होती. सारजा तिच्या शेजारी उकिडवी बसली. बसताना तिचे गुडघे वाजले.

"अक्का, रईवारी माझा उपास न्हवता."

"ठावं हाय मला."

"ड्रायव्हर बोलला मला. समद्या पंगतीला गोडाचं केलंवतंस म्हणून."

रंगुबाई खरवडत राहिली.

"तुझा डबा काढ," सारजा म्हणाली. "आज मी तुझी भाकरी खाते. हितंच, तुझ्याम्होरं."

"डबा न्हाय आणला."

"का गं?"

"उपास हाय म्हणलं न्हवतं का मगाशी?" रंगुबाईने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "रातीच मनाशी ठरवलं, उद्या सारजी चव बघ म्हणली की उपास सांगायचा. पर खोटं बोलाय येत न्हाय मला. म्हणून सकाळपास्नं च्यासुदिक घेतला न्हाय. सासरी आल्यापास्नं एक उपास धरला न्हवता, तो आज धरला, आन् तुझ्या पातेल्यानं मोडला."

सारजाच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराला पुसायला हात वर गेला, पण हाताला तेल होतं, म्हणून तसाच राहिला. स्वतःचा डबा काढून रंगुबाईपुढे ठेवावा असं तिला वाटलं, आणि लगेच कळलं की ते तर ती सात वर्षं करतच आली आहे.

"सांच्याला येते तुझ्याकडं," ती म्हणाली. "जेवायला."

"बोलावलंय कुणी?"

"कुणी न्हाय. तरी येते."

रंगुबाईने पातेलं धुतलं, उलटं करून पाणी निथळू दिलं. मग नळ बंद केला.

"सून सातला भाकऱ्या टाकती," ती म्हणाली. "येळंवर ये. गार भाकर मी कुणाला वाढत न्हाय."