मोठ्या डॉक्टरांचे कॉमे

हॉस्पिटलात त्याला सगळे टकटक म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून त्याची खोली. खोली कसली, फळ्या ठोकून केलेला आडोसा. एक कॉम्प्युटर, एक खुर्ची आणि एक स्टूल. अकरा वर्षं मोठे डॉक्टर त्या स्टुलावर बसून पेशंटबद्दलची इंग्रजी पत्रं सांगायचे आणि हा टाइप करायचा.

मोठे डॉक्टर सगळं सांगायचे. सगळं म्हणजे सगळं. ताप किती ते सांगायचे, मग कॉमा म्हणायचे, खोकला कधीपासून ते सांगायचे, मग फुलस्टॉप, नेक्स्ट पॅरा. एकाच सुरात. हा तसंच ठोकायचा. पत्रात चूक औषधालाही सापडायची नाही. बाहेरचे डॉक्टर फोन करून विचारायचे, टायपिस्ट कोण हो तुमचा? मोठे डॉक्टर पाठीवर थाप मारून म्हणायचे, "टकटक, तुझ्यासारखं इंग्रजी माझ्या पोराला येत नाही!"

यालाही तसंच वाटायला लागलं. माणूसच तो, वाटणारच.

मग मोठ्या डॉक्टरांना अर्धांगाचा झटका आला. त्यांच्या जागी नव्या मॅडम आल्या. त्यांना स्टुलावर बसायला वेळ नव्हता. चालता चालता मोबाइलवर बोलायच्या आणि रेकॉर्डिंग पाठवून द्यायच्या. पहिलं रेकॉर्डिंग त्याने तीनदा ऐकलं. वाटलं, मॅडम कॉमा सांगायला विसरल्या. मग लख्खकन कळलं, आणि पायाखालची जमीनच सरकली. अकरा वर्षांत एकही कॉमा त्याने स्वतःच्या डोक्याने दिला नव्हता.

मॅडम जिथे थांबतील तिथे त्याने देऊन बघितले. पत्र लाल होऊन परत आलं.

"अहो, ही माझी धाप आहे, कॉमा नाही!" मॅडम म्हणाल्या. "मी जिना चढत होते."

त्याने व्याकरणाचं जुनं पुस्तक मिळवलं. पहाटे उठून धडे गिरवायला लागला. बायको चहा ठेवताना बोलायची, "एवढंसं टिंब ते. माझ्याशी आठ-आठ दिवस अबोला धरता येतो, आणि वाक्य कुठे थांबवायचं ते कळत नाही होय?"

"तू गप्प बस गं."

"बघा, आत्ता कसं जमलं!"

पुस्तकातले धडे जमायचे. दहापैकी नऊ, कधी दहा. पण कानात मॅडमचा आवाज सुरू झाला की सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बोटं थांबून राहायची. कोणीतरी सांगेल म्हणून.

शेवटी मॅडमनी त्याच्यापुढे एक कागद ठेवला. एक पानभर पत्र, त्यात एकही खूण नाही. "पेन्सिलने खुणा करून सोमवारी आणा. पुस्तक बघा, कोणालाही विचारा. मला तुम्हाला काढायची हौस नाही हो. पण हेही जमलं नाही तर मी काय करू?"

बेचाळीस वर्षांचा माणूस. याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. आणि आता हेही येत नव्हतं असं निघालं.

शनिवारपर्यंत त्याने पान पुरं केलं. सात ठिकाणी शंका होती. कोणालाही विचारा म्हटलं की त्याला एकच माणूस सुचणार. रविवारी दुपारी तो मोठ्या डॉक्टरांच्या घरी गेला.

"यांना समजतं का नाही कुणास ठाऊक," दार उघडून काकू म्हणाल्या. काकू म्हणजे डॉक्टरांची बायको. "पाच महिने झाले रे, तोंडातून शब्द नाही."

डॉक्टर खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कोणाचा तरी ठेवल्यासारखा. हा स्टूल ओढून समोर बसला. कागद काढून पत्रच वाचायला लागला. तिसऱ्या ओळीला डॉक्टरांचे ओठ हलले.

"कॉमा."

काकूंच्या हातातलं भांडं पडलं. "बोलले? अरे, बोलले का हे?"

त्याने पुढे वाचलं. ब्लड म्हणाला, आणि प्रेशर म्हणायच्या आत डॉक्टर म्हणाले, "कॉमा."

तिथे कॉमा येत नाही. एवढं आता त्याला कळत होतं. पण डॉक्टर पेन्सिलीकडे बघत होते. अर्धाच चेहरा, पण नजर जुनीच, स्टुलावरची. त्याने कॉमा दिला. डॉक्टर अर्ध्या तोंडाने हसले.

मग सुटलेच. दर दोन शब्दांनी कॉमा. काकूंनी रडत रडत मुलाला फोन लावला, "ऐक, ऐक, बोलतायत!" आणि फोन तसाच धरून ठेवला. आता थांबणार कसं? त्याने पान शेवटपर्यंत वाचलं. सांगितला तो प्रत्येक कॉमा दिला.

"आता बरे होतील ना रे?" दाराशी काकूंनी विचारलं.

"होतील की, काकू."

घरी येऊन तो खोडरबर घेऊन बसला. ब्लडच्या पुढचा कॉमा आधी खोडायचा होता. पण ओळ वाचली की तोच आवाज कानात यायचा, आणि त्या आवाजाला खोटं पाडायची सवय या हाताला नव्हती. आपले कुठले, त्यांचे कुठले, हळूहळू तेही कळेना. ज्यांची खात्री होती, त्यांचीही राहिली नाही.

"झालं का?" बायकोने विचारलं.

"झालं."

सोमवारी मॅडमनी पान बघितलं. उलटं करून मागची बाजूही बघितली.

"मोठ्या डॉक्टरांनी अकरा वर्षं हेच शिकवलं का तुम्हाला?"

"नाही मॅडम," तो म्हणाला. "ते अगदी बरोबर सांगायचे. मलाच येत नव्हतं."

मॅडमनी पान घडी करून त्याला परत दिलं. मग म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंतच या."

तो खाली आडोशात येऊन बसला. दुपारी काकूंचा फोन आला.

"अरे टकटक, परत गप्प झालेत रे हे. ते पत्र घेऊन येशील का? कुठलंही चालेल."

"येतो, काकू."

"कामाचा खोळंबा नको हं करूस."

"नाही," तो म्हणाला. "कामाचं काही नाही आता."