साखळी धरा, गळा सोड

आमच्या कारखान्यात दगड कापतात. जिन्याच्या पायऱ्या, ओटे, टेबलांचे माथे. करवत सुरू असली की शेजारच्या माणसालाही कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, म्हणून आमच्याकडे लांब वाक्यं चालतच नाहीत. साखळीच्या कप्पीला लादी टांगली की दोनच शब्द. 'सोड' म्हणजे साखळी ओढून लादी खाली घ्या, 'धर' म्हणजे थांबा. साखळी ओढणारे काका आईच्या वयाचे. एरवी आम्ही त्यांना अहो-जाहो करतो, पण साखळीपाशी 'सोड'च. "कामाच्या शब्दाला मान नसतो," असं तेच म्हणतात. त्यांचा एक नेम आहे. हाक ऐकायची, नजर साखळीवरून हलवायची नाही.

त्या सकाळी दादाने बारक्याला पहिला ठोसा मारला, तेव्हा मी एका पायरीची कड घासत होते.

बारक्या माझा धाकटा भाऊ. तिशी उलटली तरी नाव तेच राहिलं. दुसऱ्या गावी एका मोठ्या कंपनीत नक्षी कोरायच्या मशीनवर त्याला नोकरी लागली होती. ही गोष्ट त्याने किती दिवस पोटात ठेवली देव जाणे. आणि सांगायला वेळ निवडली ती करवत चालू असतानाची. दादाच्या कानात तो ओरडला, "दादा, मला आता सोड!"

"काय?"

"मला सोड, म्हणतोय!"

बारक्याला म्हणायचं होतं, मला इथून मोकळा कर. दादाने त्यातला 'सोड' तेवढा ऐकला, आणि अर्थ लावला वेगळाच. बाबा गेल्यापासून त्याच्या मनात एकच भुंगा होता, की एक दिवस सगळे आपल्याला सोडून जाणार.

"मला सोडतोस?" तो म्हणाला, आणि त्याची मूठ बारक्याच्या नाकावर बसली.

नाक मोडलं, ते मला लांबूनही दिसलं. बारक्या मागे कोलमडला, उठला, आणि हाताशी आलेली लाकडी मोगरी त्याने दादाच्या बरगडीत हाणली.

"तुला मी पोसला!" दादा कळवळत ओरडला.

"पोसलास? बैलालाही पोसतातच!"

दादाने त्याचे केस धरले आणि त्याचं डोकं दगडाच्या थप्पीवर आदळलं. एकदा, पुन्हा एकदा. दगडाची पांढरी धूळ त्याच्या कपाळावरच्या रक्तात कालवली जाऊन गुलाबी चिखल झाला. बारक्याने दादाच्या मनगटाचा चावा घेतला. कातडी सुटेपर्यंत त्याने दात सैल केले नाहीत. ज्यांना मी एका ताटात जेवताना पाहिलं, ते हेच दोघे.

त्यांच्यामागे ओट्याची जाड लादी उभी टांगलेली होती, भिंतीसारखी. तिच्याखाली तिला टेकवायला लाकडी ओंडके मांडलेले. झटापटीत दादाने बारक्याला त्या ओंडक्यांवर पाडलं, छातीवर गुडघा दिला आणि दोन्ही हातांनी गळा आवळला. लादीची खालची कड बरोबर बारक्याच्या डोक्यावर. आणि लादीच्या पलीकडे, साखळी हातात घेऊन, काका. त्यांना समोर नुसता दगड दिसत होता.

ऑफिसच्या दारातून आई धावत आली.

"सोड! अरे, सोड त्याला!"

करवतीच्या आवाजात शेवटचे शब्द विरले. पलीकडे पोचलं ते फक्त 'सोड'. साखळी करकरली आणि लादी खाली आली.

"सोड रे! मेला तो! सोड, सोड!"

आई जितकी जिवाच्या आकांताने ओरडे, तितके काका इमानाने साखळी ओढत. बारक्याचा चेहरा काळानिळा पडला होता, टाचा धुळीत घासत होत्या. त्याचे डोळे मात्र दादाकडे नव्हते, वर होते. त्याला कड दिसत होती. सांगायला गळा नव्हता.

मी हातातला दगड टाकून धावले. देवाने मला आवाज दिलाय तो प्रार्थनेपुरता. घरात कुणी मला मोठ्याने बोलताना ऐकलेलं नाही. तोंड उघडलं आणि शब्दच सुचेना. 'धर' म्हणावं, तर दादा आणखी आवळणार. 'सोड' म्हणावं, तर काका आणखी ओढणार. आमच्याकडे दोनच शब्द, आणि दोन्हींनी भाऊ मरत होता.

देवा, बुद्धी दे, इतकंच मनात आलं. मग मी ओरडले. छाती फाटेल असं.

"काका, साखळी धरा! दादा, गळा सोड!"

दादाने मान वर केली. कड बारक्याच्या केसांना टेकायला आली होती. त्याने गळा सोडला, आणि त्याच हातांनी बारक्याला असा ढकलला की तो गडगडत भिंतीवर आपटला. काकांनी साखळी धरली खरी, पण अर्धी ओढ आधीच झाली होती आणि लादी तेवढी उतरलीच. दादाचा उजवा हात ओंडक्यावरच राहिला.

ती किंकाळी ऐकून कुणीतरी करवत बंद केली. मग त्या शांततेत दादाची बोटं दिसली. तीन होती, दोन नव्हती.

दवाखान्यात दोघांना शेजारच्या खाटा मिळाल्या. एकाच्या हाताला बँडेज, दुसऱ्याच्या डोक्याला, नाकाला, आणि गळ्यावर बोटांचे वळ. आई मध्ये बसून दोघांकडे पाठ फिरवल्यासारखी भिंतीकडे बघत होती. संध्याकाळी दादा छताकडे बघत म्हणाला, "मला सोडून चाललायस, की कारखाना सोडून?"

बारक्याचा आवाज घोगरा झाला होता. "कारखाना."

"मग तसं नीट सांगायचं होतंस."

"गळा धरला होतास. सांगू कशाने?"

आईच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"आणि त्याआधी?" दादाने विचारलं. "गळा मोकळा होता, तेव्हा?"

बारक्याने कूस बदलली, दादाच्या बाजूला.

कारखाना पुन्हा सुरू झाला, तेव्हा काका साखळीला हात लावीनात. "माझ्या हातून पोर मरत होतं," एवढंच म्हणत. दादा स्वतः त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला. "तुम्ही हाक ऐकलीत, काका. हाकच अर्धी होती." तेव्हापासून आमच्याकडे हाकेत वस्तूचं नाव घ्यावं लागतं. 'लादी सोड.' 'साखळी धर.' वेळ जातो थोडा. जाऊ दे.

बारक्या निघाला त्या दिवशी बस उभी होती आणि तो दादाचा डावा हात हातात घेऊन पायरीवर अडला होता. मागची माणसं कुरकुरायला लागली.

"हात सोड, बारक्या," दादा म्हणाला. मग जरा थांबून, कानाशी तोंड नेऊन, "हातच म्हणतोय मी."