खुशालचा वॉल्व

राजदीप कोरड्या नळाला तारेचा चिमटा लावायला वाकला, तेव्हा कमलाबाईनं आधी त्या नळाला बांधलेली बकरी सोडून घेतली. सतरा वर्षं त्या नळाला पाणी नव्हतं. बकरी मात्र होती. एक मेली की दुसरी.

"कायले लावून राह्यले भाऊ? मेलेला आहे तो."

"मेला असला तरी खाली पाइप राह्यतेच ना, बाई," राजदीप म्हणाला. तो बल्लारपूरचा, खोदकामाच्या आधी गावोगाव फिरून जमिनीखालच्या लाइनी शोधणारा. "उद्या फायबरच्या केबलसाठी नाली खोदाले मशीन येते. त्याच्या आधी खाली काय काय आहे, ते मले रंगानं काढून द्या लागते. पाण्याले निळा, करंटले लाल. नाईतर खोदणारा मरते."

"अन् खाली वॉल्व असला तं? रस्त्याच्या खाली?"

"तोही सापडते. लोखंड दिसलं का हे बोंबलते," म्हणत त्यानं हातातल्या दांड्याच्या यंत्राला थापटलं.

 बकरीची दोरी हातातच राहिली आणि कमलाबाई त्याच्या मागं मागं गल्लीत आली.

आरमोरीपासून आत, धानाच्या बांध्यांमधल्या या गावात नळयोजना आली, तेव्हा या गल्लीची लाइन तिच्या नवऱ्यानं, खुशालनं टाकली होती. मग तोच गावचा नळवाला झाला. गल्लीच्या वॉल्वची जागा कोणत्या कागदावर नव्हती, ती खुशालच्या पायांत होती: चाफ्याच्या झाडापासून बुद्धविहाराकडे नऊ पावलं. पुढं सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. खालची माती ओली नको, आठ दिवस पाणी बंद ठेव, असं ठेकेदारानं सांगितलं. खुशालनं वॉल्व बंद केला आणि त्याच संध्याकाळी त्याला हिवताप भरला. बारा दिवसांनी आरमोरीच्या दवाखान्यातून तो परतला, तर चाफा तोडलेला, रस्ता झालेला, आणि झाकण कुठं बुजलं ते सांगणारं कोणी नाही. नवा रस्ता फोडायला पंचायत तयार होईना. लाइनच खराब टाकली असेल, असं ठरवून ती मोकळी झाली.

मग खुशाल लोखंडी सब्बल घेऊन रस्ता ठोकत फिरू लागला. ठोकायचा, गुडघ्यावर बसायचा, सिमेंटला कान लावायचा. पुढं सरकायचा, पुन्हा ठोकायचा. बाया दूरच्या विहिरीवरून पाण्याचे गुंड भरून आणायच्या आणि त्याला पाहून म्हणायच्या,

नळवाल्याच्या नळाले पाणी येईना बाई,
नळवालीच्या डोळ्याले पाणी खंडत नाई.

कमलाबाई त्याच बायांमधून, डोक्यावर दोन गुंड घेऊन चालायची. एका वैशाखात, भर दुपारी, ती आली तेव्हा खुशाल गल्लीतल्या रुखमाबाईच्या ओट्यासमोर कान टेकून बसला होता. गल्ली सारी हसत होती. तिचे पाय पोळले होते, मान मोडून आली होती. तिनं गुंड खाली ठेवले आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "उठा आता. नाई आहे वॉल्व. तुमी बसवलाच नाई."

खुशालनं तिच्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि सब्बल उचलून घरी गेला.

त्यानंतर तो आठ वर्षं जगला, पण रस्त्याला कान लावला नाही. पंचायतीनं दुसरा नळवाला ठेवला, तरी भांडला नाही. दरसाल मिरची तोडायला तेलंगणात जात राहिला. शेवटच्या खेपेला आजारी होऊन आला आणि गेला. वॉल्वचं नाव मात्र त्यानं कधी काढलं नाही. तिनंही काढलं नाही.

आता यंत्र पुढं, राजदीप त्याच्या मागं, आणि कमलाबाई त्याच्या मागं. नको सापडू, तिला वाटलं. सापडला नाही, तर तिचा शब्द तरी खरा होता. आणि दोन पावलं पुढं गेल्यावर वाटलं, सापड रे बाबा, त्याच्यासाठी तरी सापड. पाऊल टाकावं तसं मन पालटत होतं.

ओट्यावर लाखोळीची डाळ निवडत बसलेल्या रुखमाबाईनं मान वर केली. "काय गा भाऊ, सोनं शोधून राह्यला का?"

"सापडलं तं तुमालेच देतो, बाई."

"मले नको. माया सुनेच्या डोळ्यात येईन."

राजदीप हसला, आणि यंत्र बोंबललं.

तो थांबला. दांडा डावीकडं नेला, आवाज पडला. उजवीकडं आणला, पुन्हा चढला. एका जागेभोवती तो वाटोळा फिरला. "पाइप तं आहेच, पण त्याच्या वर गोल काहीतरी आहे," तो म्हणाला. "वॉल्वचं झाकणच आहे हे. वीतभर खाली."

जिथं खुशाल त्या दुपारी गुडघ्यावर बसला होता, तिथून ही जागा दोन हात पुढं होती. रुखमाबाईलाही ती दुपार आठवली असावी, तिच्या हातातलं सूप थांबलं.

"म्हणजे खुशालभाऊ खरं बोलत होते," ती हळूच म्हणाली. "आमी किती हासलो वं कमला."

कमलाबाई खाली बसली. सिमेंटवर हात ठेवला. बकरी दोरीला हिसका देत होती, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"उघडला तं पाणी येईन का, भाऊ?"

"कुठून येईन, बाई? जुनी टाकी कधीचीच पाडली. आता नवे नळ आहेत तुमच्याकडं." त्यानं जपून निळ्या रंगाचं कडं काढलं, मधे फुली मारली. मग फळीवरचा कागद पुढं घेतला. "माहिती देणाऱ्याचं नाव टाका लागते. तुमचंच टाकतो, वॉल्वचं पहिल्यांदा तुमीच बोलल्या."

"मायं नका टाकू. खुशाल मेश्राम टाका."

राजदीपनं लिहिलं. "अन् त्यांचा मोबाइल नंबर?"

रुखमाबाई काही सांगायला गेली, पण कमलाबाईनं तोवर स्वतःचाच नंबर सांगायला सुरुवात केली होती. एकेक आकडा सुटा सुटा.

"एखाद्यावेळी साहेब फोन करतात, बाई. वॉल्वचं विचारतीन."

"मी उचलीन."

"मंग काय सांगान?"

तिनं हात सिमेंटवरून उचलला नाही. ऊन चढलं होतं, जागा तापायला लागली होती.

"सांगीन, का त्याले जागा ठाऊक होती," ती म्हणाली. "अन् नाई आहे म्हणून मीच त्याले उठवलं."