बाबा नाही म्हणतात

रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत एकवीस माणसं होती. खुर्च्या चार. बाकीची पलंगावर, फरशीवर, दोघं कपाटाला टेकून. जिन्यातून कोणीतरी विचारत होतं, "सुरू झालं का?" सगळ्यांचे डोळे माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर. आणि पडद्यावर माझे बाबा. बाबांना जाऊन तीन वर्षं झालीत.

माझ्या खुर्चीत लहरवाले काका बसले होते. हात माझ्या माउसवर.

"साहेब," ते पडद्याला म्हणाले, "या ताईंच्या मुलाने हातातली नोकरी सोडावी का?"

क्लिक. बाबांची मान एका बाजूला गेली, मागे आली, पुन्हा गेली. नाही, नाही, नाही.

ती बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"माणूस जातो, लहर जात नाही," काका म्हणाले. "आपल्याकडे पकडायचं यंत्र नव्हतं, एवढंच. या पोराने ते घरी आणलं. मी कोण? मी नुसता वाचणारा."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. खोटं कशाला बोलू, पहिल्या रविवारी मलाही बरं वाटलं होतं.

ते यंत्र म्हणजे अंगठ्याएवढी कॅप्चर स्टिक. जुन्या व्हीसीआरमधलं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारी. माझ्या बहिणीच्या पाचव्या वाढदिवसाची एक कॅसेट आमच्याकडे होती, बाबांचं हलतंबोलतं चित्र असलेली एकुलती एक. टेप चिकटायला लागली होती. म्हटलं, ती पुरती खराब होण्याआधी उतरवून घेऊ.

मी हे कुठे शिकलेलो नाही. मोबाइलचे स्क्रीन बदलतो, बाकी सगळं वाचून वाचून. आठवडाभर नेटवर वाचलं. एक जण म्हणे कॉम्प्युटरच्या आत बसणारं कार्डच घ्या. माझ्या डब्यात ते बसवायला जागाच नाही. दुसरा म्हणे चित्र सावरणारी वेगळी पेटी लागते, नाहीतर हात लावू नका. तिसरा म्हणे स्वस्तातली स्टिक टुकार असते पण काम भागतं. मी तिसऱ्याचं ऐकलं. स्टिकसोबत आलेलं सॉफ्टवेअर दोनदा बंद पडलं, मग फुकटातलं एक उतरवलं. त्याने विचारलं: वरच्या ओळी आधी की खालच्या ओळी आधी? मला ओ की ठो कळलं नाही. 'खालच्या'वर आधीच टिक होती. म्हटलं, ज्याने सॉफ्टवेअर केलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. तशीच ठेवली.

त्या टिकने आमचं घर पालथं केलं.

पहिल्यांदा लावलं तेव्हा आई आणि शेजारच्या काकू होत्या. बाबा टेबलापाशी बसलेत, आईकडे वळतात. वळताना त्यांची मान थरथरली.

"अगं, भाऊजी मान हलवतायत," काकू म्हणाल्या.

आई पडद्याजवळ सरकून बसली. मग म्हणाली, "ही कॅसेट मी पन्नास वेळा बघितली आहे. हे असं करत नव्हते."

हेच सगळ्यांना पटलं. कॅसेटमध्ये नव्हतं ते आता होतं.

काकूंनीच लहरवाल्या काकांना आणलं. पूर्वी ते दारोदार पाण्याचे फिल्टर विकायचे, आता पाण्यातल्या लहरी वाचतात आणि पापण्यांना लावायचं एक तेल देतात. त्यांनी व्हिडिओ दोन-तीनदा पुढेमागे केला, मग वेग कमी करून लावला. कमी वेगात ती थरथर स्पष्ट दिसली. सरळ सरळ नकार.

"ताई, तुमच्या मनात काही प्रश्न आहे?"

होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आईला काचबिंदू सांगितला होता. डोळ्यातला दाब औषधाने उतरत नाही, ऑपरेशन करू, आहे तेवढी नजर वाचेल. तारीखही दिलेली.

"ऑपरेशन करू का हो?" आईने पडद्याला विचारलं.

बाबा नाही म्हणाले.

"आणि साहेब, तेल?" काकांनी विचारलं. क्लिक. पडद्यावर बाबा खाली वाकले. मान वर-खाली, वर-खाली. हो.

आईने तारीख सोडली. डॉक्टरांचे थेंबही सोडले. मी भांडलो. बहिणीने फोनवर तासभर डोकं फोडलं.

"तुमचे बाबा मला वाईट सांगतील का?" एवढंच आई म्हणायची. आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा ती रोज नीट जेवत होती.

असे पाच आठवडे गेले.

सहाव्या आठवड्यात मी एकटाच बसून तो व्हिडिओ बघत होतो. खरं म्हणजे बाबांकडे बघवत नव्हतं, म्हणून नजर इकडेतिकडे टाकत होतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खिडकीला एक फुगा बांधलेला. वाऱ्याने हलणारा. तोही थरथरत होता. बाबांसारखाच. एक मागे, तीन पुढे.

मग बहिणीचा हात बघितला. केकपर्यंत जाताना थरथर. खिडकीचा उडणारा पडदा, थरथर. भिंत, कपाट, खुर्ची, काही नाही. जे हलतं ते थरथरतं, जे स्थिर ते स्थिर. बाबांकडेच सगळे बघत होते, म्हणून बाबाच दिसले.

पुन्हा वाचायला बसलो. जुन्या टेपवर प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत असतं. आधी एकाआड एक ओळी, मग क्षणभराने मधल्या ओळी. सॉफ्टवेअरला क्रम उलटा सांगितला की ते नंतरचा क्षण आधी दाखवतं आणि आधीचा नंतर. वळणारी मान पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे. एवढंच. आणि होकार? एकोणिसाव्या मिनिटाला बाबा खाली पडलेला चमचा उचलायला वाकतात. आडवं हललं की नकार, उभं हललं की होकार. कोणतं मिनिट लावायचं ते माउस धरणाऱ्याच्या हातात.

पुढच्या रविवारी मी खुर्ची सोडली नाही.

"आज मी विचारतो," म्हटलं. "बाबा, काकांचं तेल बिनकामाचं आहे का?" एकोणिसावं मिनिट लावलं. बाबा हो, हो, हो म्हणाले.

मागे दोघं-तिघं हसले. मी मग सगळं दाखवलं. चमचा, हात, पडदा, फुगा. "फुगाही नाही म्हणतोय. त्याला कोणी काय विचारलं होतं?"

काकांचा चेहरा हलला नाही. "ताई, त्या दिवशी फुगे कोणी फुगवले?"

"ह्यांनीच," आई म्हणाली. "चाळीस फुगवले. दमून गेले होते."

"मग त्या फुग्यात श्वास कोणाचा?"

खोलीभर 'अहाहा' उमटलं. माझा पुरावा त्यांनी उचलून आपल्या खिशात घातला होता.

शेवटचं हत्यार काढलं. सगळ्यांसमोर टिक बदलली, वरच्या ओळी आधी. थरथर थांबली. बाबा शांतपणे आईकडे वळले आणि वळता वळता हसले. ते हसू त्या थरथरीत आम्हाला सहा आठवडे दिसलंच नव्हतं.

मला वाटलं, संपलं.

"बोलत होते बिचारे," काकू हळूच म्हणाल्या. "तू त्यांना गप्प केलंस रे."

माणसं उठली. कोणी भांडलं नाही. मयतीतून निघावं तशी एकेक निघाली. काका जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेले. "वय आहे तुझं," म्हणाले.

आई बसून होती.

"तुला तरी पटलं का?" मी विचारलं.

"पूर्वीसारखं कर ना. हलत होते तसं."

"आई, हे बघ, मी सांगतो म्हणून नको. तू स्वतः बघ." पुन्हा खालच्या ओळी लावल्या. "बाबांकडे नको बघूस. तो फुगा बघ."

"कुठला फुगा?"

"कोपऱ्यातला. खिडकीचा."

"खिडकी कुठे आहे यात?"

मला वाटलं चिडून बोलतेय. तिच्याकडे बघितलं, तर ती पडद्याच्या मधोमध टक लावून शोधत होती. मी तिचं बोट धरून काचेवर फुग्यापाशी टेकवलं. तिने मान वळवत वळवत नजर बोटापर्यंत आणली.

"हा होय," ती म्हणाली. "हा इथे होता?"

बोट तिथेच ठेवून ती बघत राहिली. तिला फुगा दिसला, थरथरही दिसली. "डॉक्टरांना फोन लाव," ती शेवटी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी नजरेचा नकाशा काढला आणि आधीच्या शेजारी ठेवला. काचबिंदू नजर कडेकडून खातो. आधीच्या कागदावर कडेला काळी रेघ होती, आता पट्टा होता. "हे परत येत नाही," त्या म्हणाल्या. "थेंब का सोडले?" आईने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, टिक चुकली म्हणून?

ऑपरेशन झालं. जेवढी उरली तेवढी नजर टिकली आहे.

परवा काकू दारात आल्या. "अरे, त्या तुझ्या स्टिकचं नाव काय? काकांना तशीच हवी आहे. पलीकडच्या इमारतीत एकांकडे लग्नाची कॅसेट निघाली आहे." मी सांगितलं नाही. पण न सांगून काय होणार? ती कुठेही मिळते, सॉफ्टवेअर फुकट आहे आणि टिक आधीच खालच्या ओळींवर असते.

म्हणून हे लिहितोय. गेलेलं माणूस पडद्यावर बोलायला लागलं तर रडा, मीही रडलो. पण त्याच्या आजूबाजूचं काय काय हलतंय ते बघा. माउस कोणाच्या हातात आहे ते बघा. आणि डोळ्यांचा प्रश्न डोळ्यांच्या डॉक्टरला विचारा, त्याच आठवड्यात. माझ्या बाबांना तो कोणीही विचारायला नको होता. ते फक्त आईकडे बघून हसत होते.