बंद केलेलं खातं

"काका, हात बाजूला घ्या," व्यवस्थापक दारातूनच म्हणाले. "जे करायचं ते मॅडम करतील. तुम्ही फक्त सांगा."

सर्व्हरकाकांनी की-बोर्डवरचे हात मांडीवर घेतले. बावीस वर्षं हॉस्पिटलचे कॉम्प्युटर त्यांनी सांभाळले. निम्म्या नर्सना त्यांचं खरं नावही ठाऊक नव्हतं. शुक्रवारी ते निवृत्त व्हायचे होते. काम बाहेरच्या कंपनीकडे जाणार होतं आणि तिची तरुण इंजिनिअर सोमवारपासूनच येऊन बसली होती. आज बुधवार, आणि सकाळपासून सर्व्हर उठेना. रिपोर्ट, रक्तगट, सगळं आत अडकलेलं. तीन रुग्ण उपाशीपोटी ऑपरेशनसाठी ताटकळत होते.

"जाता जाता काही करून तर ठेवलं नाहीत ना?" व्यवस्थापकांनी विचारलंच.

काकांची कानशिलं तापली. त्यांचा संशय त्या मुलीवर होता. पहाटे सर्व्हर बंद करून चालू केला तो तिनेच. नवी विटी, नवं राज्य! काय काय ढवळलं असेल कोण जाणे.

"तुम्ही कशाकशाला हात लावलात?"

"अपडेट टाकले, बस," ती फणकारली. "तुमच्याच वहीत लिहिलंय तसे."

दोघंही एकमेकांच्या बोटांवर नजर ठेवून होते. डिस्कवर जागा होती, नेटवर्क ठीक होतं. ॲप्लिकेशन उठायचं, डेटाबेस शोधायचं आणि मान टाकायचं. डेटाबेसच सुरू होत नव्हता.

"लॉग उघडा," काका म्हणाले. "सर्व्हरच्या नोंदी वरून वाचा. पहिली चूक खरी, बाकीची तिची पिलावळ."

ती वाचू लागली आणि थबकली. "डेटाबेस ज्या खात्यावर चालतो, ते बंद आहे. काका... खातं तुमच्या नावाचं आहे."

"बघा!" व्यवस्थापक उसळले.

"बंद कोणी केलं, तेही वाचा," काका शांतपणे म्हणाले.

"कर्मचारी विभाग. काल साडेचार वाजता. शेरा, निवृत्त. डेटाबेस चालू होता तोवर चालला, पहाटे सर्व्हर बंद करून चालू केल्यावर मात्र उठला नाही."

व्यवस्थापकांचा आवाज एकदम उतरला. "ती यादी... सहीला माझ्याकडेच आली होती. वाचली नव्हती मी."

काका गप्प बसले असते तर तिथेच निभावलं असतं. पण अकरा वर्षांपूर्वी, हा सर्व्हर बसवताना घाईघाईत त्यांनीच डेटाबेस स्वतःच्या खात्यावर चालवला होता. उद्या बदलू म्हणून. तो उद्या कधी उगवलाच नाही.

"मूळ चूक माझी," ते म्हणाले. "आणि मी उगाच तुमच्यावर संशय घेतला."

"मीही घेतलाच होता," ती ओशाळून हसली. "तुमचं खातं परत चालू करू? दोन मिनिटांत होईल."

"नको. शुक्रवारी पुन्हा हेच रामायण. नवं खातं काढा."

"नाव काय देऊ?"

"काहीही द्या. माणसाचं नको."

नव्या खात्याला कुठली कुठली परवानगी लागेल, ते काकांनी तोंडपाठ सांगितलं. तिने टाईप केलं. डेटाबेस उठला, मागोमाग ॲप्लिकेशन.

लगेच फोन वाजला. काकांचा हात सवयीने पुढे गेला, अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी फोन उचलून हलकेच तिच्यापुढे ठेवला.